हाव्रेनकाठचा ओलीस

१

विगमुंडचा खून झाला तेव्हा आमच्या गढीत ज्यांच्यावर संशय घेताच येणार नाही अशी दोनच माणसं होती. एक आमचे राजे मॉरिग आणि दुसरा मी. कारण आदल्या संध्याकाळी मेजवानी सुरू झाल्यापासून ती उठेपर्यंत राजांचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर होते.

हसायचं तर हसून घ्या. परमुलखातले लोक हसतातच. पण ब्रिटनांच्या दरबारात पायधरा हा मानाचा हुद्दा आहे. राजाच्या ताटातलं जेवण, शेकोटीजवळची जागा आणि माझ्या बापजाद्यांची वहिवाट. पणजोबांच्या काळी सॅक्सन लोक तहाच्या मेजवानीला आले होते. तलवारी दाराबाहेर ठेवून आले आणि सुऱ्या जोड्यांत लपवून. एका इशाऱ्यासरशी आमचे सरदार बाकांवर बसल्या बसल्या कापले गेले. तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या सुऱ्या सगळ्यांसमोर मेजावर काढून ठेवतात, आणि एक माणूस खाली जमिनीवर बसून सगळ्यांच्या जोड्यांवर नजर ठेवतो. तो माणूस मी, तुद्री. लोकांचे चेहरे मी विसरतो, जोडे विसरत नाही.

सकाळी झऱ्यावर गेलेल्या बायका घागरी तिथेच टाकून पळत आल्या. विगमुंड झऱ्याकाठी उताणा पडला होता. छातीच्या खाली एकच घाव. विगमुंड म्हणजे हाव्रेन नदीच्या पलीकडच्या काठावरच्या सॅक्सनांचा म्होरक्या केओल, त्याचा धाकटा मुलगा. सुगीपासून तो आमच्याकडे ओलीस होता. आणि त्याच्या बदल्यात आमच्या राजांची एकुलती एक मुलगी, एलेरी, नदीपलीकडे केओलच्या घरी ओलीस होती.

तहाचा शब्द साधा होता. दर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन्ही बाजूंनी आपापल्याकडचा ओलीस नदीच्या उतारावर, पाणी उथळ असतं तिथे, आणून दाखवायचा. ओलीस दगावला तर ज्याने मारलं त्याला हवाली करायचं, राजाने स्वतः शपथ घेऊन. मारेकरी दिला नाही, किंवा भलत्यालाच दिला, तर ओलिसाला ओलीस, म्हणजे दुसऱ्या ओलिसाचाही जीव.

आज तोच दिवस होता. दुपारी एलेरी पलीकडच्या काठावर येणार होती.

राजे झऱ्याकाठी उभे होते, तोंड राखेसारखं झालेलं. म्हणाले, "तुद्री, ह्या गढीत माझी खात्री आहे असा तू एकटाच. दुपारच्या आत मला तो माणूस हवा. खरा माणूस."

"राजे, मी जोडे बघणारा माणूस. मला काय कळतंय?"

"मग जोडे बघ."

मी वाकलो. आणि पहिल्यांदा नजरेत भरलं ते जोड्यांचं नव्हतं. विगमुंडचे डोळे कोणीतरी मिटले होते. तोंड धुतलं होतं. त्याचे ते लांब पिवळे केस, ज्यांची आमची पोरं चेष्टा करायची, ते ओले करून, मधोमध भांग पाडून विंचरले होते. कंगवा त्याच्या हातात नीट ठेवला होता.

ज्याने त्याला मारलं, त्यानेच मग शेजारी बसून त्याचे केस विंचरले होते.

२

झऱ्याकाठचा चिखल मऊ होता आणि बायका वरच्या दगडांवरूनच पळाल्या होत्या, तेवढं नशीब. प्रेताभोवती दोनच माणसांच्या खुणा होत्या. एक विगमुंडचे जोडे, टाचेला सॅक्सन धाटणीची दुमड असलेले. दुसऱ्या खुणा अनवाणी पायांच्या. पाय फार मोठा नाही, दहाही बोटं नीट उमटलेली, एकमेकांना चिकटून. त्या खुणा विगमुंडच्या उशाशी एका जागी खोल गेल्या होत्या, तिथे कोणी बराच वेळ उकिडवं बसलं असावं.

घाव अरुंद होता. तलवारीचा नाही, शिकारीच्या सुऱ्याचाही नाही. जेवणाच्या सुरीचा.

मेजवानीत काय झालं ते मला आठवत होतं. ओलीस दाखवायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याला पोटभर जेवू घालतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो काठावर धडधाकट दिसतो. विगमुंड लवकर उठला. रोज झोपण्याआधी झऱ्यावर जाऊन केस धुवायचे, ही त्याची सवय सगळ्या गढीला ठाऊक होती. त्याच्यामागून तीन जोडे बाहेर गेले आणि परत आले, असं मला वाटत होतं. पण त्यातला एक जोडा नव्हताच, ते पाद्री दोग्वानचे उघडे पाय होते. बाकी दोन म्हणजे सेनापती इद्वाल आणि कारभारी ब्रोख्वेल. बायका वेताच्या पडद्यामागे बसतात. त्या पडद्याखालून त्यांचे जोडे मला दिसतात, फक्त मलाच, आणि त्या रांगेतून एकही जोडा हलला नव्हता.

इद्वाल तबेल्यात होता. त्याचा भाऊ सॅक्सनांनी आमची तीन शहरं घेतली त्या लढाईत गेला. त्यानंतर इद्वालने तहाच्या बाजूने कधी तोंडातून शब्द काढला नाही.

"या, पायधरे," तो म्हणाला. "माझेही चेपून देता का जरा?"

"तुझे आधी धुवावे लागतील, आणि झरा सध्या मोकळा नाही. सुरी दाखव."

त्याने कमरेचा रानडुकराचा सुरा काढून माझ्यापुढे धरला. तळहाताएवढं रुंद पातं. "ह्यानेच जेवतो मी. बसतोय का त्या घावात?"

"नाही बसत."

"मग जा."

"मेजवानीतून उठून कुठे गेला होतास?"

"पहारे बघायला. रोज जातो. तू रोज बघतोस." तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "हे बघ तुद्री, मला तो मारायचा असता तर मी उतारावर मारला असता. त्याच्या बापासमोर, त्याच्या हातात तलवार देऊन. तोंड धुणाऱ्या माणसाला मारण्याची अक्कल असती तर मी आज कारभारी झालो असतो."

मी हसलो नाही. त्यालाही हसायचं नव्हतं.

"गेल्या आठवड्यात," तो हळू आवाजात म्हणाला, "हिच्या खुरात खडा अडकला होता. मला हात लावू देईना. त्या पोराने काढला. बसला तिच्या पायाशी, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला, आणि काढला. मला राग आला होता त्याचा."

"कोणावर संशय?"

"मी काय सांगू? पण अनवाणी पावलं आहेत म्हणतात ना? गढीत हिवाळ्यात अनवाणी फिरणारा सज्जन माणूस एकच आहे. आणि तो विगमुंडच्या पाठोपाठच बाहेर पडला होता, मी पाहिलाय."

३

पाद्री दोग्वान प्रार्थनाघराच्या पायरीवर बसून जवाची कोरडी भाकर खात होते. मला बघून त्यांनी न विचारताच दोन्ही पाय पुढे केले.

"घे, बघ. तू येणार हे ठाऊक होतं मला."

पाय लहान होते, चिखलातल्या खुणांएवढेच. पण डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. इतकी वर्षं त्यांचे पाय बघत होतो, आणि घाईत हेच विसरलो होतो.

"डोंगरावरच्या मठात बर्फाने नेली," ते म्हणाले. "माझ्या सगळ्या उपासांनी मिळून जेवढी कीर्ती मिळाली नाही तेवढी ह्या दोन बोटांनी दिली. आणि आज वाचवलंही त्यांनीच, असं तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय."

"झऱ्याकाठी दहा बोटं उमटलीत, बाबा."

"मग देवाची कृपा."

"काल त्याच्यामागून बाहेर का पडलात?"

"संध्याकाळची घंटा वाजवायला. मी नाही वाजवली तर कोण वाजवणार, इद्वाल?" त्यांनी भाकरीचा तुकडा परत फडक्यात गुंडाळला. "प्रार्थनेला काळं कुत्रं आलं नाही. मेजवानी असली की देवाला कोण विचारतो. एरवी राजांच्या बाईसाहेब तरी येतात, अनवाणी, पोरगी ओलीस गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. काल त्याही नाहीत. मेजवानीतून उठता आलं नसेल."

"नाही उठल्या," मी म्हणालो. "मी खात्री देतो."

दोग्वानांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "एक सांगू का? विगमुंडने ते देवापुढच्या कबुलीत सांगितलेलं नाही, म्हणून सांगता येतं. परवा तो माझ्याकडे आला होता. मोडक्या भाषेत विचारलं, की एखादी गोष्ट सांगणार नाही असं वचन दिलंय, आणि दुसरं कोणी रडून रडून तीच गोष्ट विचारतंय, तर गप्प राहणं पाप आहे का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? वचन पाळ म्हटलं." ते म्हणाले. "मला वाटलं होतं, सॅक्सनाला वचनाची किंमत शिकवतोय मी."

"वचन कोणाला दिलेलं?"

"ते नाही बोलला. गोष्ट काय, तेही नाही."

मी आणखी विचारणार तोच अंगणात आरडाओरडा झाला. कारभारी ब्रोख्वेलने मारेकरी पकडला होता.

४

मारेकरी म्हणजे आमचा डुकरं राखणारा कोल. हात मागे बांधलेले, तोंडाला रक्त. भोवती निम्मी गढी जमलेली. ब्रोख्वेल मधोमध उभा राहून घाम पुसत होता.

"हाच तो," ब्रोख्वेल म्हणाला. "अनवाणी, झऱ्याखालीच झोपतो, आणि त्याच्या बायकोला सॅक्सनांनी पळवून नेलं. आणखी काय पाहिजे?"

"सुरी पाहिजे," मी म्हणालो.

"टाकली असेल झऱ्यात."

"आणि केस विंचरले ते?"

"अरे, दुपार व्हायला आली, तुद्री." त्याने मला बाजूला ओढलं आणि आवाज खाली आणला. "तिकडे एलेरी उभी राहील. तिच्या मानेवर सुरी असेल. इकडे एक डुकऱ्या. तुला हिशेब कळत नाही का?"

"हिशेब कळतो. शपथ राजांना घ्यायची आहे. खोटी ठरली तर एलेरी जाईल आणि कोलही जाईल. तू काल मेजवानीतून उठून कुठे गेला होतास?"

"मधाची दारू आणायला. तुमच्याच पोटात गेली ती."

ते खरं होतं. त्याच्या जोड्यांवर दारूच्या कोठीतला पिवळा भुसा मी स्वतः पाहिला होता, चिखल नाही.

मी कोलला चिखलापाशी नेलं आणि पाय ठेवायला सांगितलं. ठेवला. बोटं पंख्यासारखी फाकली, अंगठा तर वेगळ्याच गावाला जायला निघाला होता. जन्मात जोडा न घातलेला पाय असाच उमटतो. झऱ्याकाठच्या खुणांत बोटं एकमेकांना चिकटलेली होती, लहानपणापासून चामड्यात बांधून ठेवलेली.

"सोडा ह्याला," मी म्हणालो. "तो पाय रोज जोड्यात असतो. जोडे काढून गेलंय कोणीतरी."

"का काढेल?" ब्रोख्वेल चिडून म्हणाला. "आवाज होऊ नये म्हणून?"

ओल्या गवतावर जोड्यांचा आवाज होत नाही. मी दरबारात आलो. तो रिकामा होता, मेज अजून आवरलेलं नव्हतं. विचार करायचा तर मला माझ्या जागीच बसावं लागतं. मी राजांच्या आसनाखाली जमिनीवर बसलो, पाठ शेकोटीकडे, आणि डोळे मिटून आदल्या संध्याकाळचे जोडे एकेक करून आठवू लागलो.

पुरुषांचे जोडे सारखे हलतात. कोणी टाच आपटतो, कोणी एक पाय दुसऱ्यावर घासतो, दारू चढली की सगळेच पसरतात. बायकांचंही तेच. पडद्याखालची ती रांग मी बघत होतो. म्हाताऱ्या दाईचे लाकडी जोडे डुलक्यांबरोबर वाकडे होत होते. इद्वालच्या बायकोचे गाण्याच्या ठेक्यावर चालले होते. आणि शेवटचा तो हरणाच्या कातड्याचा जोड, निळ्या नाडीचा. तो सरळ होता. सुरुवातीला सरळ, मधे सरळ, शेवटीही तसाच सरळ, टाचेला टाच लावून.

कुठलंही जिवंत माणूस संध्याकाळभर पाय असे ठेवत नाही. मी जोडे पाहिले होते. त्यांत पाय आहेत की नाहीत, ते पाहिलंच नव्हतं.

ते जोडे बाईसाहेबांचे होते. एलेरीच्या आईचे.

५

खरं सांगतो, मी तिथेच बसून राहिलो असतो. बाईसाहेब मोर्वेन ह्या गढीत नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या घोड्याचा लगाम माझ्या हातात होता. माझी बायको तापाने गेली तेव्हा तिच्या उशाशी त्या बसल्या होत्या. पण कोलचं रक्ताळलेलं तोंड डोळ्यांसमोरून जाईना, आणि सूर्य चढत होता.

त्या मागाजवळ बसल्या होत्या, हात मांडीवर. माग थांबलेला.

"बाईसाहेब, तुमची जेवणाची सुरी बघायची आहे."

त्यांनी बाजूच्या पेटीतून काढून माझ्या हातात दिली. अरुंद पातं, हाडाची मूठ. मूठ आणि पातं जिथे जुळतात तिथे फटीत अजून ओल होती.

"उशीर केलास, तुद्री," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू सकाळीच येशील. तुला सगळ्यांचे पाय दिसतात ना?"

"प्रार्थनाघरात जायला म्हणून जोडे काढले होते?"

"हो. बायकांना सांगून मागच्या दाराने तिकडेच निघाले होते. तो झऱ्याकडे जाताना दिसला आणि मागे गेले. एकदा शेवटचं विचारावं म्हणून."

"काय विचारावं?"

"माझी एलेरी कशी मेली ते."

मला काही समजेना. "बाईसाहेब, एलेरीताई मागच्या महिन्यात काठावर होत्या. मी स्वतः पाहिलंय."

"तू तिची शाल पाहिलीस. लाल शाल. मीच विणलेली." त्या शांतपणे बोलत होत्या, आधीच रडून झालेलं माणूस बोलतं तसं. "आधीच्या प्रत्येक वेळी दुपारची घंटा झाली की ती हात वर करायची. मागच्या वेळी केला नाही. मान खाली घालून उभी. आणि केस झाकलेले, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. आपल्यात कुठली मुलगी लग्नाआधी केस झाकते रे? माझी पोर मेली तरी झाकणार नाही. त्यांनी तिला मारलं, आणि तिची शाल त्यांच्यातल्या कुठल्यातरी बाईच्या अंगावर घालून उभी केली. मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, तुझे डोळे थकलेत."

"आणि विगमुंड काय म्हणाला?"

"मी किती दिवस विचारत होते त्याला. पाया पडायची बाकी होते. एलेरी जिवंत आहे एवढं म्हण, म्हटलं, मी गप्प बसते. तो नुसता खाली बघायचा. काल मी सुरी दाखवून विचारलं. तरी मान खालीच." त्यांचा हात मांडीवर उघडून मिटला. "ओलिसाला ओलीस, असा शब्द आहे ना तहाचा? पडल्यावर मग त्याचं तोंड पाहिलं. मिसरूडसुद्धा नीट नव्हतं फुटलेलं. आई असेलच त्याला कुठेतरी. म्हणून केस विंचरले."

मी तिथून उठलो तो सरळ राजांकडे गेलो. ते दरबारात आसनावर येऊन बसले होते. मी समोर बसताच त्यांनी सवयीने पाय माझ्या मांडीवर ठेवले, आणि मी खाली बघत सगळं सांगितलं. सुरी, जोडे, झरा. त्यांचे पाय जड होते, हलले नाहीत. पण झाकलेल्या केसांची गोष्ट आली आणि दोन्ही पायांची बोटं एकदम आत वळली. इतक्या वर्षांत मी ती तशी वळताना दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा राजे खोटं बोलत होते.

मी मान वर केली. हुद्दा विसरून विचारलं, "विगमुंडने वचन कोणाला दिलं होतं, राजे?"

त्यांनी पाय माझ्या मांडीवरून काढून घेतले.

"मला," ते म्हणाले. "एलेरीचं लग्न झालंय. केओलच्या थोरल्या मुलाशी. तिनेच निरोप पाठवला होता, तिच्या मनाने झालंय म्हणून. मी हो म्हटलं. तहही पक्का होईल असं वाटलं. विगमुंडला शपथ घातली की एलेरीबद्दल ह्या गढीत कोणापाशी एक अक्षरही बोलायचं नाही."

"बाईसाहेबांपाशीसुद्धा?"

"मोर्वेनचे तिन्ही भाऊ सॅक्सनांनी मारलेत, तुद्री. कोणत्या तोंडाने सांगू? उन्हाळ्यात सांगेन म्हटलं. जरा दिवस गेले की सांगेन."

वेताचा पडदा हलला. बाईसाहेब त्याच्यामागे उभ्या होत्या. कधी आल्या, मला कळलं नाही.

"म्हणजे ती आहे," त्या म्हणाल्या. "अहो, म्हणजे आपली एलेरी आहे?"

राजांनी होकारार्थी मान हलवली. बाईसाहेबांचा चेहरा उजळला, अगदी खरा उजळला, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत विझला. त्या पडद्याला धरून खाली बसल्या.

"मग मी त्याला कशासाठी मारलं?"

राजे उठले, त्यांच्याजवळ गेले. "कोलला देऊ आपण," ते म्हणाले. "मी घेतो शपथ. जे पाप लागायचं ते मला लागू दे."

"नाही. त्यांना कळलं तर सुरी तिच्या मानेवर येईल." बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या होत्या. "आणि कोलनेही काय केलंय कोणाचं? तुम्ही काही बोलू नका आता. आधी बोलायला हवं होतं. चला, उशीर होतोय."

६

उतारावर नदी उथळ आहे, पण मधोमध ओढ जबरदस्त. पलीकडे केओल आणि त्याची माणसं उभी होती. अलीकडे आम्ही. विगमुंडला आम्ही घोंगडीत गुंडाळून झाडांमागे ठेवलं होतं, मारेकऱ्याचं नाव उच्चारल्याशिवाय प्रेत दाखवायचं नाही असा रिवाज आहे. इद्वाल त्याच्यापाशी थांबला होता. त्याने ते काम मागून घेतलं.

एलेरी पुढे आली. लाल शाल, झाकलेले केस. इतक्या लांबून तोंड ओळखू येत नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की ह्या अंतरावरून मीही ओळखली नसती.

राजांनी शपथेसाठी हात वर केला. तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा प्रयत्न केला आणि हात खाली आला.

तोवर बाईसाहेब पाण्यात शिरल्या होत्या. कोणी ओलिसाची आई अशी नदीत कधी उतरली नव्हती. पलीकडे भाले उचलले गेले. पण एलेरीने आईला पाण्यात पाहिलं आणि तीही धावली, परकर गोळा करून हातात धरून, ओरडत, "आई, थांब, मधे खोल आहे, तू येऊ नकोस, मी येते."

आवाज ऐकला आणि बाईसाहेबांच्या तोंडून जे निघालं ते मला सांगता येणार नाही. मी राजांबरोबर पाण्यात काही पावलं गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

दोघी मधोमध भेटल्या. बाईसाहेबांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळ चाचपलं, कान चाचपले, आंधळ्या माणसासारखं. एलेरी हसत होती आणि रडत होती.

"रागावलीस ना? मी मान वर करूच शकले नाही मागच्या वेळी. बाबांनी सांगितलं का तुला सगळं? तो चांगला आहे गं आई, खरंच चांगला आहे. सगळेच चांगले आहेत मला." ती श्वास न घेता बोलत होती. मग तिने आमच्या काठाकडे पाहिलं, आमच्या रांगेवरून नजर फिरवली. "विगमुंड कुठाय? दिसत नाही." शालीखालून तिने एक जाड लोकरी पायमोज्यांचा जोड काढला आणि आईच्या हातात दिला. "त्याच्या आईने दिलेत. तिला सारखी काळजी, तिकडे डोंगरावर थंडी फार असेल म्हणून."

बाईसाहेबांनी ते पायमोजे घेतले. छातीशी धरले, पाण्याला लागू नयेत म्हणून.

"मी मारलं त्याला," त्या म्हणाल्या. "तू मेलीस असं वाटलं मला. काल संध्याकाळी मी मारलं."

एलेरीला ते समजायला वेळ लागला. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, आणि वडील खाली बघत होते. मग तिचे हात आईच्या अंगावरून निघाले. ती एक पाऊल मागे सरली, आणखी एक. पलीकडच्या काठावर केओलने काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत, मोठ्याने.

तिथे ओढ फार आहे. बाईसाहेबांचे दोन्ही हात पायमोज्यांत गुंतलेले, आणि त्यांचा तोल गेला. एलेरी परत आली. आईकडे न बघता तिने तिला दंडाला घट्ट धरलं, सरळ उभं केलं, आणि तसंच धरून पलीकडे, केओलच्या माणसांकडे, घेऊन गेली.